श्यामकांतरावांचा समतोल बंदोबस्त

"पुढच्या रविवारनंतर आपल्या घराच्या एका विटेला कोणी बोट तर लावून दाखवावं!"

श्यामकांतराव टिपणिसांनी हे जाहीर केलं तेव्हा त्यांच्या हातात पोह्यांची बशी होती आणि आवाज असा होता, की समोर दहा हजारांची सभा बसली आहे. समोर फक्त सुरुचीताई होत्या. त्यांनी खिडकीतून डोकावून पाहिलं. खरवईतल्या त्यांच्या सोसायटीच्या सगळ्या विटा जागच्या जागी होत्या.

"कुठल्या घराच्या?"

"आपल्या! माळरानावरच्या!"

"अच्छा, त्या होय," म्हणत सुरुचीताईंनी त्यांच्या बशीत लिंबू पिळलं. "मग खाऊन घ्या आधी. गार होतायत."

'माळरान' हा कॉम्प्युटरवरचा खेळ. त्यात जिंकायचं-हरायचं असं काही नसतं. नजर पोचेपर्यंत मोकळं माळरान असतं. तिथं जाऊन खणायचं, दगड-लाकूड-लोखंड गोळा करायचं आणि मनाला येईल ते बांधायचं. कोणी किल्ला बांधतं, कोणी शेती करतं, कोणी गुरं पाळतं. आणि ज्याला स्वतः बांधायचा कंटाळा, तो दुसऱ्यानं बांधलेलं फोडून लुटतो. ही जी शेवटची सोय होती ना, ती श्यामकांतरावांच्या मुळावर आली होती.

आता चोपन्न वर्षांचा, अंबरनाथच्या रंगाच्या कारखान्यात सुरक्षा अधिकारी असलेला, चष्म्याला दोरी लावणारा गृहस्थ या भानगडीत पडलाच कसा? मुलीपायी. इरा, एकुलती एक, दीड वर्षापूर्वी नोकरीसाठी हैदराबादला गेली. रोज फोन व्हायचा. "जेवलीस?" "हो." "काय जेवलीस?" "जेवण." इथे दोन्ही बाजूंचा साठा संपायचा. चाळीस सेकंदांत फोन आईकडे! शेवटी इरालाच दया आली असावी. तिनं बापाला हा खेळ शिकवला. दर रविवारी अकरा ते एक दोघं माळरानावर भेटायला लागले आणि चमत्कार झाला. दगड फोडता फोडता इरा बोलायला लागली. तिच्या ऑफिसातला चिकट बॉस, खोलीतली घोरणारी मैत्रीण, एकटं वाटतं तेव्हा ती कुठल्या तळ्यावर जाऊन बसते, सगळं! हात कामात असले की या मुलीचं तोंड सुटतं, हे श्यामकांतरावांना तिच्या वयाच्या चोविसाव्या वर्षी कळलं.

सात महिन्यांत दोघांनी घर उभं केलं. ओसरी, विहीर, वर गच्ची, गच्चीत झोपाळा. आणि मग लांडगे आले.

लांडगे म्हणजे चौघांची टोळी. बापलेक आपापल्या कामावर गेले, की मधल्या वारी ही टोळी यायची, भिंत फोडायची, लोखंड न्यायची आणि वर पाटी लावून जायची: 'सहकार्याबद्दल आभारी आहोत.' ती पाटी वाचली की श्यामकांतरावांचं रक्त उकळायचं. ज्या माणसाच्या कारखान्यात सव्वीस वर्षांत एक मांजर गेटपासशिवाय आत गेलेलं नाही, त्याच्या घरात चोर येऊन वर आभार मानतात!

तेही चाललं असतं. पण गेल्या रविवारी सलग सहाव्यांदा तीच भिंत रचताना इरा म्हणाली, "बाबा, ऑफिसात पण मी हेच करते. आज केलेलं उद्या परत करायचं. पुढच्या रविवारी बघू हं... जमलं तर येते."

जमलं तर! श्यामकांतरावांना दोन दिवस जेवण गेलं नाही. भिंत गेली तर गेली, पण ते दोन तास गेले तर पुन्हा 'जेवलीस' आणि 'जेवण'!

म्हणून त्यांनी सम्यकला फोन लावला. सम्यकचं उल्हासनगरात कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. हे माळरान ज्या कॉम्प्युटरवर चालायचं तो त्याच्या दुकानातल्या माळ्यावर होता, त्यामुळे या दुनियेचा ब्रह्मदेव म्हणाल तर सव्वीस वर्षांचा सम्यक.

"घरावर आपोआप बाण सोडणारं यंत्र हवंय," श्यामकांतराव म्हणाले. "आम्ही नसताना पहारा देईल असं."

"टाकतो ना काका, माझं अर्ध्या तासाचं काम आहे. पण लय भारी नको. एक मशीन लावलं आणि गेम खल्लास, असं नाय चालणार. लुटणाऱ्याला पण चान्स पाहिजे. बॅलन्स पाहिजे, बॅलन्स!"

"चोराला चान्स?"

"चोर पण आपलाच मेंबर आहे काका. तो पण बिचारा टाइम काढून येतो."

श्यामकांतरावांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आणि नवीन काही टाकायचं तर सगळ्यांची हो लागते," सम्यक पुढे म्हणाला. "तुम्ही असं करा, प्रपोजल लिहा. शनिवारी मीटिंग ठेवू दुकानात. बिनधास्त लिहा."

'लिहा' हा शब्द श्यामकांतरावांसमोर उच्चारू नये, हे कारखान्यातला शिपाईसुद्धा जाणतो! बुधवार, गुरुवार, शुक्रवार, जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला सारून ते लिहीत बसले. प्रस्तावना. उद्देश. व्याप्ती. व्याख्या. (व्याख्या क्रमांक एक: 'चोर म्हणजे असा सदस्य, की जो...') यंत्र कोळशावर चालेल, म्हणजे फुकटचा पहारा नाही. बाण वीस पावलांपर्यंतच जाईल, म्हणजे लांबून जाणाऱ्याला त्रास नाही. कोणाला आत सोडायचं त्यांची नावं एका नोंदवहीत असतील आणि यंत्र त्या वहीत बघूनच निर्णय घेईल. एकतीस पानं झाली. शेवटी आकृती, त्यावर शिक्का मारायची इच्छा त्यांनी मोठ्या कष्टानं आवरली.

शनिवारी दुपारी चार वाजता ते ती एकतीस पानं फाइलीत लावून उल्हासनगरला पोचले. दुकानात बसायला जागा नव्हती म्हणून सम्यकनं शेजारच्या फर्निचरवाल्या साईंकडून दोन नवे सोफे बाहेर मांडून घेतले होते. साईंनी एकच अट घातली होती, प्लास्टिक काढायचं नाही. त्यामुळे कोणी जरा हललं, की बुडाखालून असा आवाज यायचा, की बोलणारा थांबून इकडेतिकडे बघायचा.

सात जण जमले. त्यांत लांडग्यांचा म्होरक्या येणार होता. श्यामकांतराव डोळ्यांसमोर दाढीवाला, मनगटात कडं घातलेला, पान थुंकणारा दांडगट आणून बसले होते. आला तो इस्त्रीच्या शर्टातला, मऊ आवाजाचा, पस्तिशीचा माणूस. हातात जेवणाच्या डब्याची पिशवी.

"नमस्कार टिपणीस साहेब. मी डॉक्टर विक्रांत. अंबरनाथला दातांचा दवाखाना आहे." त्यानं दोन्ही हातांनी श्यामकांतरावांचा हात धरला. "तुमची भिंत फार सुंदर असते हो! फोडताना अगदी जिवावर येतं."

यावर काय बोलावं ते व्याप्तीत नव्हतं. श्यामकांतराव "आभारी आहे" म्हणाले आणि लगेच स्वतःवरच चिडले.

वाचन सुरू झालं. दुसऱ्या पानावर साईंच्या नोकरानं चहा आणला. चौथ्या पानावर सम्यक म्हणाला, "काका, दहावीचं पुस्तक पण मी एवढं वाचलं नाय. डायरेक्ट मशीनवर या ना!"

मशीनवर आल्याबरोबर प्रीतीनं हात वर केला. प्रीती मोरिवलीची, एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत कामाला. माळरानावर तिच्या सतरा गाई होत्या आणि प्रत्येकीला नाव होतं.

"काका, माझी शेवंती चरत चरत तुमच्या ओसरीत येते नेहमी. तिला बाण लागला तर?"

"बरोबर!" श्यामकांतरावांनी समासात लिहिलं: गुरांना पूर्ण सूट.

"मला एक सुचवायचंय," विक्रांत नम्रपणे म्हणाला. "बाणानं माणूस मेला, तर त्याच्या अंगावरचं सगळं सामान जातं. नवीन मुलांचं फार नुकसान होतं हो. मारण्यापेक्षा नुसतं लांब ढकलून दिलं तर?"

"आणि आधी घंटा वाजू दे तीनदा!" दुसऱ्या सोफ्यावरून कोणीतरी ओरडलं. "अचानक बाण आला की हार्ट अटॅक येतो आपल्याला."

श्यामकांतराव लिहीत गेले. प्रत्येक सूचना त्यांना रास्त वाटत होती. हीच तर त्यांची खासियत! कारखान्यात युनियन आणि मॅनेजमेंट दोघंही त्यांच्या मसुद्यावर सही करतात, ते काय उगाच? हळूहळू तेही रंगात आले आणि त्यांनी पदरची कलमं घालायला सुरुवात केली.

"नोंदवहीतला बदल फक्त घरमालकानं करायचा आणि तोही घराच्या आतूनच. म्हणजे बाहेरून कोणी लबाडी करणार नाही!"

"वा!" विक्रांत म्हणाला.

"मालकालासुद्धा सूट नाही! वहीत नाव नसेल तर मालकही बाहेर. आमच्या कारखान्यात डायरेक्टरलादेखील पास दाखवावा लागतो."

"कडक!" सम्यक म्हणाला.

"आणि कलम नऊ. सर्व्हरचालकानं, म्हणजे तू सम्यक, कोणत्याही परिस्थितीत यंत्रात हात घालायचा नाही. वरून फोन आला की गेट उघडलं, हे धंदे मी सव्वीस वर्षं बघतोय!"

प्लास्टिकवर एकच कलकलाट झाला. टाळ्यांचा म्हणायचा की सोफ्यांचा, कळायला मार्ग नव्हता. प्रस्ताव एकमतानं पास! विक्रांतनं तर दोन्ही हात वर केले. त्या औदार्यानं भारावून श्यामकांतरावांनी त्यालाच उद्याच्या चाचणीचा त्रयस्थ निरीक्षक नेमलं. निरीक्षकाला आत जाऊन पाहणी करावी लागणार, तेव्हा त्याचं नाव वहीत हवं. विक्रांतनं आपलं खेळातलं नाव अक्षर न् अक्षर लिहून दिलं आणि सगळ्यांनी निळ्या पेनानं सह्या केल्या.

घरी आल्या आल्या त्यांनी इराला कळवलं. "उद्या अकराला ये. जमलं तर नाही. यायचंच!"

"बघते बाबा," इरा म्हणाली. पण आली. रविवारी अकरा वाजून पाच मिनिटांनी हेडफोनमध्ये तिचा आवाज आला, "कुठंय तुमचं ते मशीन?" आणि श्यामकांतरावांना घरात कोणी पाहुणं आल्यासारखं झालं. माळरानावर घरासमोर बरीच गर्दी जमली होती. सम्यक, विक्रांत, प्रीती आणि तिच्या मागोमाग आलेली शेवंती. शनिवारच्या सातांतले दोघं मात्र एका लग्नासाठी गावी गेले होते. ते गुरुवारी येणार होते.

श्यामकांतरावांनी आत जाऊन कळ दाबली. कोळसा त्यांनी आधीच भरून ठेवला होता, थोडाथोडका नव्हे, बावन्न दिवसांचा! पहाऱ्यात खंड नको. नोंदवही त्यांनी सकाळीच, आंघोळ करून, सुवाच्य अक्षरात भरली होती. मग ते बाहेर येऊन दारासमोर उभे राहिले, घसा खाकरला आणि छोटंसं भाषण केलं. आभार मानले. शेवटी म्हणाले, "आता प्रथम घरमालक प्रवेश करतील!"

आणि ते निघाले. घंटा वाजली. टण्, टण्, टण्!

"ऐकलंत?" त्यांचा ऊर भरून आला. "स्वागताची घंटा!"

"काका," सम्यक सावकाश म्हणाला, "ती स्वागताची नाय..."

सप्प! सप्प! सप्प! तीन बाण एकदम आले आणि घरमालक फेकलेल्या पोत्यासारखे उडून प्रीतीच्या चाऱ्याच्या गंजीत जाऊन पडले.

"काहीतरी बिघाड आहे," गंजीतून आवाज आला.

ते परत चालत गेले. पुन्हा घंटा, पुन्हा गंजी. तिसऱ्या वेळी त्यांनी यंत्राकडे बघून "अरे, मी आहे!" असं ओरडून पाहिलं. गंजी.

"थांबा बाबा, मी बघते," म्हणून इरा धावली आणि थेट तळ्यात पडली. बुडबुड आवाज आला.

"वहीत तुमची नावं काय लिहिलीत काका?" सम्यकनं विचारलं.

"काय म्हणजे? नावं! 'श्री. श्यामकांत गजानन टिपणीस'. आणि 'कु. इरा श्यामकांत टिपणीस'. पुढं 'सौ. सुरुची' हेसुद्धा लिहिलंय, कधी आलीच तर."

सम्यकनं एकदा त्यांच्या डोक्याच्या वर पाहिलं.

"काका, गेममध्ये तुमचं नाव 'बाबा-नंबर-वन' आहे."

"कोणाचं?"

"तुमचं! तुमच्या डोक्यावर तरंगतंय नऊ महिने! आणि इराचं 'चिमणी-बॉस'."

खेळात प्रत्येकाचं नाव त्याच्या डोक्यावर दिसतं. इतरांना दिसतं. स्वतःला दिसत नाही. इरानं पहिल्या दिवशी सगळं भरून दिलं होतं आणि माळरानावरचे अनोळखी लोक आपल्याला 'बाबा' म्हणतात याचा अर्थ श्यामकांतरावांनी वयाला मान देतात असा लावला होता!

"मग बदल ना तू वहीत! तू तर मालक सगळ्याचा!"

"कलम नऊ, काका."

"अरे, मीच लिहिलंय ते!"

"तेच तर. सही आहे तुमची. निळ्या पेनाची." सम्यकच्या आवाजात खरोखरचं दुःख होतं. "कलम काढायचं तर परत सगळ्यांची हो पाहिजे. दोघं लग्नाला गेलेत. गुरुवारी बघू."

"मग कोळसा संपेपर्यंत थांबू," इरा म्हणाली. "किती भरलाय बाबा?"

सुरक्षा अधिकाऱ्याच्या आयुष्यात काही प्रश्न असे येतात, की त्यांना उत्तर न देणं हीच सुरक्षा.

आणि मग सगळ्यांच्या एकदम लक्षात आलं. वहीत एकच नाव बरोबर होतं. सगळे विक्रांतकडे वळले.

"मी जाऊ का आत?" लांडग्यांच्या म्होरक्यानं अदबीनं विचारलं.

तो निघाला. घंटा वाजली नाही. बाण हलला नाही. इतक्या वेळा घर फोडूनही जे दार त्यानं एकदाही वापरलं नव्हतं, त्या दारानं तो रीतसर आत गेला. हेडफोनमध्ये त्याचा आवाज येत राहिला. "अरे वा! झोपाळा पण आहे का? एरवी घाईत असतो हो, बघायला मिळत नाही नीट."

"डॉक्टर, आधी वही! वही उघडा!"

"उघडतो, उघडतो. तुम्ही शांत व्हा बघू. दीर्घ श्वास घ्या. जबडा सैल सोडा." पान उलटल्याचा आवाज आला. "साहेब, इथं लिहिलंय, बदल फक्त घरमालकानं करायचा. वही काय, कळ काय, कोळसा काय, माझ्या हातानं काहीच हलत नाहीये."

"अरे देवा!"

"अजून काही बघू का आत?" आणि लगेच पेटीचं झाकण उघडल्यासारखा आवाज. "सॉरी, सॉरी! सवयीनं हात गेला. परत ठेवतो लोखंड."

श्यामकांतरावांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि कपाळ त्याच्या शेजारी ठेवलं. सव्वीस वर्षं! आगी झाल्या, गळती झाली, एकदा तर तपासणीला आलेले साहेबच टाकीत पडता पडता वाचले. पण असं कधी झालं नव्हतं. आपल्याच घराचा दरवाजा, आपणच बसवलेला पहारा, आणि आत चोर झोपाळ्यावर. इरा आता काय म्हणेल? 'बाबा, राहू दे.' एवढंच म्हणेल ती. चिडणारही नाही. आणि पुढच्या रविवारी तिला काहीतरी काम निघेल.

टेबलावरच्या हेडफोनमधून बारीक आवाज येत होता. त्यांना वाटलं, पोरगी रडतेय की काय! घाईघाईनं त्यांनी तो कानाला लावला.

इरा हसत होती. साधंसुधं नव्हे, श्वास अडकेपर्यंत, शाळेत असताना पोट धरून गडाबडा लोळायची तसं. "बाबा... बाबा, तुम्ही उडालात ना... ते गंजीत... पाय वर होते..." पुढचं तिला बोलताच येईना.

हे ऐकून बरं वाटावं की वाईट, ते ठरवायला श्यामकांतरावांना सवड मिळाली नाही, कारण तेवढ्यात प्रीती किंचाळली, "काका! शेवंती बघा!"

शेवंती चरत चरत सरळ ओसरीत शिरली होती. ना घंटा, ना बाण.

"गुरांना सूट आहे काका! तिच्या आडून चाला. बाण तिला लागणार नाही आणि तुम्ही दिसणार नाही!"

दुसरा मार्ग नव्हता. प्रीतीनं शेवंतीला गवताची पेंढी दाखवत बाहेर बोलावलं आणि पुन्हा आत वळवलं. तिच्या मागच्या बाजूला चिकटून, वाकून, घरमालक स्वतःच्या घराकडे निघाले. नेमक्या त्याच वेळी सुरुचीताई जेवायला बोलवायला आल्या आणि खुर्चीमागे उभ्या राहून पडद्याकडे बघत राहिल्या.

"हे काय चाललंय?"

"गप्प बस. गाय बिथरेल."

"अहो, मेल्यावर म्हणे माणूस गाईचं शेपूट धरून वैतरणी ओलांडतो," सुरुचीताई म्हणाल्या. "तुम्हाला एवढी कसली घाई झाली?"

हेडफोनमध्ये इरानं ते ऐकलं आणि हैदराबादेत काहीतरी धाडकन पडल्याचा आवाज आला. खुर्ची असावी. किंवा इराच.

अर्ध्या वाटेत शेवंतीला तण दिसलं आणि ती थांबली. दोन मिनिटं. चार मिनिटं. श्यामकांतराव तिच्या शेपटीमागे दबा धरून, घामाघूम. मग ती वळली. फक्त मान वळवायला गेली, पण गाईची मान वळली की मागची बाजूही वळते, हे मसुद्यात विचारात घेतलेलं नव्हतं. टण्, टण्, टण्! गंजी.

दुसऱ्या खेपेला ते ओसरीपर्यंत पोचले. तिसऱ्या खेपेला शेवंती दारातच आडवी बसली. चौथ्या खेपेला सम्यकनं न राहवून "चल गं माझी आई!" अशी आरोळी दिली आणि गाय बुजून भलतीकडेच पळाली. पाचव्या खेपेला, पाऊण वाजता, वरणावर साय धरली असताना, श्यामकांत गजानन टिपणीस आपल्या घरात शिरले. बाहेर टाळ्यांचा कडकडाट झाला. झोपाळ्यावरून उठून विक्रांतनं त्यांना आदरानं वाट दिली आणि तो बाहेर गेला.

त्यांनी वही उघडली.

"हं, इरा, सांग. चिमणीनंतर आडवी रेघ आहे का?"

त्यांनी चष्मा सारखा केला.

"इरा?"

"बाबा, माझं नाव नका लिहू."

हात थबकला. "का गं?"

"मला दारातून नाही यायचं." तिच्या आवाजात अजून हसू होतं, पण ती अगदी मनापासून बोलत होती. "दर रविवारी भिंत बांधून कंटाळा आला होता मला. फोडायला किती मजा येईल! डॉक्टर म्हणतायत, लांडग्यांत एक जागा आहे."

"जागा आहे खरी," विक्रांत म्हणाला. "आणि चिमणीताईंना आतली माहिती पण आहे. स्वयंपाकघरामागची भिंत पोकळ आहे म्हणतात."

"ती मी घाईत बांधली होती!" श्यामकांतराव ओरडले. "तुझ्या आईनं कोथिंबीर आणायला पाठवलं होतं मला तेव्हा!"

"माहितीये बाबा, तेच सांगितलं मी त्यांना."

असं म्हणजे किती सोसायचं माणसानं! ज्या मुलीसाठी एकतीस पानं लिहिली, डबे परत आणले, चिकटणाऱ्या प्लास्टिकवर दोन तास बसलो, गाईच्या शेपटीमागे लपलो, ती मुलगी चोरांना नकाशा काढून देतेय! तिरीमिरीत ते उठले. हे असं आतून-बाहेरून बोलायचं नव्हतं. समोरासमोर!

"थांब तिथंच. येतोय मी!"

ताडताड ते बाहेर आले. बाहेर जाणाऱ्याला यंत्र अडवत नाही. इरासमोर उभं राहून त्यांनी तिला सुनावलं. घर म्हणजे काय असतं, ते कशासाठी बांधतात, बापानं उभारलेल्या भिंतीला मुलीनं पहार लावणं हे कुठल्या संस्कारात बसतं, सगळं! सम्यक, प्रीती आणि डॉक्टर माना खाली घालून उभे होते. सुरुचीताई मागे वरण पुन्हा गरम करायला निघून गेल्या.

इरानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "झालं? बरं ऐका. मी पुढच्या रविवारी साडेदहालाच येते. अकराला हल्ला. तुम्ही स्वयंपाकघराची भिंत नीट करा हं, नाहीतर मजा नाही येणार. आणि बुधवारी फोन करते, मला तुम्हाला त्या बॉसचं एक सांगायचंय, लांबलचक आहे. नक्की. ठेवू?"

साडेदहा म्हणाली. नक्की म्हणाली. श्यामकांतरावांचा राग जागच्या जागी लटपटला. "बरं," एवढंच ते म्हणाले आणि कुणाला आपला चेहरा दिसत नाही याबद्दल मनोमन देवाचे आभार मानून, भिंतीला दगड किती लागतील याचा हिशेब करत घराकडे वळले.

टण्, टण्, टण्.

वहीत स्वतःचं नाव दुरुस्त करायचं राहून गेलं, हे त्यांना हवेत असताना आठवलं. आणि गंजीतून उठून बघतात तो, धार काढायची वेळ झाली म्हणून प्रीती शेवंतीला घेऊन निघूनही गेली होती.